निकमांचे लॉन

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी निकमांचे कुटुंब साताऱ्यातल्या नव्या घराच्या पोर्चमध्ये गवताविषयी निर्णय घेण्यासाठी जमले. या घराण्याच्या मागच्या तीन पिढ्यांनी गवताविषयी कधीही निर्णय घेतला नव्हता. गवत आपोआप उगवत असे, म्हशी ते खात असत, आणि या व्यवहारात कुणाच्या मताची गरज पडत नसे. परंतु अजिंक्यताऱ्याच्या उतारावर सहा गुंठे घेऊन त्यात बंगला बांधला, की उरलेल्या जमिनीला नुसती जमीन म्हणून राहण्याचा हक्क उरत नाही. तिचे काहीतरी करावे लागते. काय करावे हे सांगणारी माणसे आता पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याकडे रंगीत चित्रे असतात.

संयोगिताबाईंच्या मांडीवर अशी अकरा चित्रे होती. सांगलीच्या महाविद्यालयात छत्तीस वर्षे इतिहास शिकवल्यामुळे कोणताही कागद हाती आला की तो कुणी, केव्हा आणि कशासाठी केला, हे विचारण्याची खोड त्यांना जडली होती. या कागदांच्या बाबतीत तिन्ही उत्तरे समोरच्या खुर्चीत बसली होती. माधवनगरचा जयराज माने बागा उभारून देण्याचे ठेके घेत असे. शिवाय तो पुतण्या उदयसिंह याचा सख्खा मेव्हणा होता. म्हणजे ठेका मिळण्यासाठी या जिल्ह्यात जी पात्रता पुरेशी समजली जाते, ती त्याच्यापाशी जन्मतः नसली तरी बहिणीच्या लग्नापासून होती.

दीर लालासाहेब, निवृत्त सुभेदार, चष्मा कपाळावर सरकवून पहिले चित्र न्याहाळत होते. चित्रात घर निकमांचेच होते, पण अंगणात हिरवी मखमल पसरली होती आणि तिच्यावरून आखूड विजार घातलेली एक सोनेरी केसांची बाई कुत्रे घेऊन चालली होती.

"पाव्हणं, ही बाई कोन?"

"ती मापासाठी असते, सुभेदार साहेब. माणसाच्या उंचीचा अंदाज यावा म्हणून."

"आन तिचं कुत्रं?"

"कुत्र्याच्या उंचीचा," चहा घेऊन आलेली क्रांती म्हणाली. ती उदयसिंहची बायको आणि जयराजची धाकटी बहीण. आपण भावाच्या बाजूने बोललो की विरुद्ध, याचा पत्ता तिने चेहऱ्यावर लागू दिला नाही.

उदयसिंहने घसा साफ केला. "थोरल्या आई, जयराजनं सगळा विचार केलाय. अख्ख्या अंगणात एक फूट लाल माती, वर कोरियन गवत. कोपऱ्यात धबधबा."

"धबधब्याचं पाणी कुठं जाणार?"

"तेच परत वर जातं, मॅडम. मोटर आहे," जयराज म्हणाला.

"आणि आभाळाचं?"

"ते मुरतं."

संयोगिताबाईंनी चित्रे एकावर एक नीट रचून ठेवली. 'मुरतं' या क्रियापदावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. २०१९च्या महापुरात सांगलीच्या त्यांच्या तळमजल्यावरच्या घरात कृष्णेचे पाणी पाच दिवस उभे होते. सातारा-सांगली भागातल्या शेतांची, बांधांची, पाणवठ्यांची जुनी नावे त्यांनी बत्तीस वर्षे गावोगाव फिरून चिठ्ठ्यांवर उतरवली होती. अशा त्रेचाळीस पेट्या होत्या. सव्वीस लगद्यासारख्या झाल्या. उरलेल्या सतरा विश्रामबागेत एका मैत्रिणीच्या तिसऱ्या मजल्यावर होत्या. ती मैत्रीण आता फ्लॅट विकून मुलीकडे निघाली होती, आणि जूनअखेर पेट्या न्याव्यात असे तिने दोनदा नम्रपणे आणि तिसऱ्यांदा स्पष्ट शब्दांत कळवले होते. या घरात त्यांच्यासाठी एक अभ्यासिका बांधली होती, पूर्वेच्या कोपऱ्यात, डोंगराच्या बाजूला. गेल्या पावसाळ्यात तिच्या भिंतीला ओल धरली होती. म्हणून हा सगळा खटाटोप. गवत हे निमित्त. प्रश्न सतरा पेट्यांचा होता.

"आवं वैनी, घरचं मानूस हाय," लालासाहेब म्हणाले. "बाहेरचा वाईट करंल, घरचा करंल व्हय?"

"भावजी, या प्रश्नाचं उत्तर द्यायला लागले तर मला मराठ्यांचा सगळा इतिहास सांगावा लागेल."

उदयसिंह हसला, मग मेव्हण्याकडे पाहून थांबला.

"जयराज, मला एकच गोष्ट दाखवा," संयोगिताबाई म्हणाल्या. "तुम्ही केलेलं आणि त्यानंतर तीन पावसाळे काढलेलं एक अंगण. फोटो नको. पत्ता द्या, मी जाऊन येते."

जयराजने फोन उघडला. "महाबळेश्वरला एक हॉटेल आहे, मॅडम. आजही हिरवंगार."

"महाबळेश्वरात भिंतीलाही शेवाळ येतं. त्याचं श्रेय ठेकेदाराला कसं देणार?"

"मग मिरजेकडचं एक लॉन. साडेतीन एकर. जिल्ह्यात नाव आहे त्याचं—"

एवढ्यात फाटकाची कडी वाजली. फेटा बांधलेले एक वयस्क गृहस्थ कंदी पेढ्यांचा पुडा छातीशी धरून आत आले. त्यांनी आधी अंगण या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिले, पावले टाकून थोडे मोजलेही, आणि मग पोर्चसमोर येऊन राम राम घातला.

"म्या कोंडीबा साळुंखे. खालच्या अंगाला घर हाय आमचं. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख पायजे हुती. थोरल्या नातीचं हाय. पाचशे पानं धरा."

कुणालाच काही कळले नाही. पेढ्यांचा पुडा मात्र क्रांतीच्या हाती पोहोचला.

"कसली तारीख, बाबा?" संयोगिताबाईंनी विचारले.

"लॉनची, बाईसाब. सुभेदारांनी सांगितलं की कटिंगच्या दुकानात, आमच्या वैनी लॉन करत्यात म्हनून. म्हटलं, शेजारचंच हाय, पयलं आपून सांगून ठिवावं."

लालासाहेबांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि एकदम चित्रातल्या कुत्र्यात गढून गेले.

चूक कोंडीबांची नव्हती. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत 'लॉन' या शब्दाचा गवताशी असलेला संबंध केव्हाच तुटला आहे. हमरस्त्यालगतचा ऊस काढून टाकतात, कमान उभारतात, कमानीवर घराण्याचे नाव आणि पुढे 'लॉन्स' असे अनेकवचन लिहितात. आत एका वेळी हजार माणसे जेवतात आणि गवत असलेच तर ते गालिच्याखाली असते. शब्दांच्या अशा स्थलांतरांवर संयोगिताबाईंनी दोन निबंध वाचले होते. आपल्याच घरी त्याचा पुरावा पेढे घेऊन येईल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हते. त्यांना मनापासून हसू आले, आणि त्यांनी ते आवरले नाही.

"बाबा, बसा. आम्ही फक्त अंगणात गवत लावतोय. लग्नं नाही लावत."

"गवात? घरात जनावर हाय का?"

"नाही."

कोंडीबांनी या उत्तरावर विचार केला आणि सभ्यपणे काही बोलले नाहीत. खुर्चीत बसून चहाची बशी हाती घेतल्यावर म्हणाले, "मग ऱ्हायलं. आमास्नी परत मिरजंकडं जावं लागतंय का काय, ह्येचीच धास्ती हाय. पोराचं म्हननं तिकडंच करू. म्या म्हटलं, मी न्हाई येनार."

"का हो?"

"आवं, मागल्या जूनला भाच्याचं लगीन तिकडं झालं. मोठं लॉन, साडेतीन एकर. अर्ध्या तासाचा पाऊस पडला बगा, पर पानी जायला वाटच न्हाई. खुर्च्या मातीत बसल्या, मान्सं खुर्च्यांवर उकिडवी. आचाऱ्याच्या भट्टीत पानी. नवरदेव उचलून आनला तिघांनी, आन मधी त्यातला एक घसरला." कोंडीबांनी बशीतला चहा ओढला. "ज्या बेण्यानं त्ये लॉन केलं, त्येला येकदा त्यात उभा करायला पायजे हुता."

क्रांती पेढ्यांच्या पुड्याची दोरी सोडवण्यात फार वेळ लावत होती.

"मीच केलंय ते," जयराज म्हणाला.

कोंडीबांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिले. "मग तुमास्नी ठावंच असंल," ते म्हणाले, आणि बशी खाली ठेवली.

जयराजच्या बाजूने एवढे नोंदवले पाहिजे, की तो उठून गेला नाही. मालकाने भराव वाढवायला लावला, वेळ कमी होता, असे काही तो पुटपुटला. पण त्याचे कान लाल झाले होते आणि तो चित्रे पिशवीत घालू लागला होता. उदयसिंह घाईने म्हणाला, "एका कामावरून माणूस ठरवायचा का, थोरल्या आई?"

"नाही. म्हणून दुसऱ्या माणसालाही बोलावलंय. अकराची वेळ दिली आहे."

ही बातमी कुटुंबाला नवी होती. गेल्या महिन्यात संयोगिताबाईंनी सदरबझारातली एक बाग पाहिली होती, चार पावसाळे काढलेली. तिच्या मालकाने ठेकेदाराचे नाव सांगताना तीन तक्रारीही सांगितल्या होत्या: सकाळी फोन उचलत नाही, उलट बोलते, आणि सांगितलेले झाड तिला पटले नाही तर लावत नाही. नुसती स्तुती करणाऱ्या साधनावर इतिहासकार विसंबत नाही. तक्रारींसकट आलेल्या या शिफारशीवर बाईंचा लगेच विश्वास बसला होता.

अकराला पाच मिनिटे कमी असताना स्कूटर थांबली. खांद्यावर पारदर्शक नळीचे वेटोळे अडकवलेली, तिशीतली एक स्त्री आत आली आणि पोर्चकडे न येता सरळ घराला वळसा घालून गेली. परत आली तेव्हा तिच्या चपलांना माती होती.

"नमस्कार. आम्रपाली. मॅडम कोण?"

"मी. बसा."

"गाव कुठलं म्हनायचं?" लालासाहेबांनी विचारले.

"कोरेगावच्या अलीकडं."

"व्हय, पर आडनाव?"

संयोगिताबाईंनी कप टेबलावर ठेवला. हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर ऐकला होता; बसमध्ये, परीक्षकांच्या खोलीत, आजाऱ्याच्या उशाशीसुद्धा. तो नेहमी गोड आवाजात विचारला जातो, आणि म्हणूनच त्यांना त्याची अधिक चीड होती.

"भावजी, आडनावाचा बागेशी काय संबंध?"

"आवं, सहज इचारलं."

"जयराजना नाही विचारलंत."

"त्येंचं ठावं हाय की."

"तेच म्हणते मी."

"विचारू द्या, मॅडम," आम्रपाली म्हणाली. तिच्या आवाजात सराव होता. "कांबळे. वडील केरू कांबळे, नर्सरीत कलमं बांधायचे. आणखी राहिलं असेल ते काम झाल्यावर विचारा, सुभेदार. आत्ता ऊन चढतंय आणि मला नळीचं दुसरं टोक धरायला माणूस पाहिजे."

लालासाहेबांना कुणी उत्तर देण्याऐवजी काम दिले, की ते नेहमीच थोडे सुखावत. ते उठू लागले. पण त्यांच्या आधी जयराज उठला होता. कदाचित पोर्चमध्ये बसणे त्याला जड झाले असेल.

"मी धरतो. फाटकापाशी?"

"फाटकापाशी. पाणी तिकडून बाहेर जातंय, असा सगळ्यांचा समज आहे ना?"

"उतार तिकडंच आहे."

"मग बघू."

तिने नळीत पाणी भरले, बुडबुडे घालवले. एक टोक घेऊन ती अभ्यासिकेच्या कोपऱ्यात गेली, दुसरे घेऊन जयराज फाटकापाशी. मध्ये निकमांचे कुटुंब आणि कोंडीबा अशा रांगेत उभे राहिले, की जणू रस्सीखेच होती. संयोगिताबाई अभ्यासिकेच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. गेल्या वर्षीच्या ओलीची रेघ त्यांच्या गुडघ्यापाशी होती.

"दोन्ही टोकांना पाणी एका रेषेत राहतं," आम्रपालीने सगळ्यांसाठी सांगितले. "जमिनीपासून ते किती वर आहे, ते मोजायचं. ज्याचा आकडा मोठा, त्याची जमीन खाली. बोला, दादा."

जयराजने खिशातला टेप काढून जमिनीला लावला. एकदा पाहिले, मग खाली बसून पुन्हा पाहिले.

"तेहेतीस इंच."

"माझ्याकडं सदतीस."

सर्वांच्या मनात वजाबाकी चालू होती.

"म्हणजे खोलीचा कोपरा फाटकापेक्षा चार इंच खाली," जयराज स्वतःच म्हणाला. तो नळी धरूनच अभ्यासिकेकडे पाहत राहिला. "जोतं किती आहे?"

"इथं दहा इंच."

"मी बारा इंच माती टाकणार होतो." हे त्याने कुणाला सांगितले नाही, नुसते मोठ्याने म्हटले. "माती उंबऱ्याच्या वर गेली असती."

"इथं कोपऱ्यात पूर्वी लवण असणार," आम्रपाली म्हणाली. "डोंगराचं पाणी याच वाटेनं खाली जायचं असणार."

"असनार कशाला," कोंडीबा म्हणाले, "लवणाची पट्टीच म्हनत्यात हिला. आमी ल्हान हुतो तवा म्हशी धुवायला आनायचो हितं."

लवण. जमिनीतली खोलगट जागा, जिथून पावसाचे पाणी वाहते. संयोगिताबाईंच्या पेट्यांमध्ये या शब्दाच्या निदान साठ चिठ्ठ्या होत्या. कुठले लवण कुठल्या गावाच्या शिवेला, हे त्यांना झोपेतून उठवले तरी सांगता आले असते. बत्तीस वर्षे लोकांना त्यांच्या जमिनीचे नाव विचारत त्या चार तालुके फिरल्या होत्या, आणि स्वतः जमीन घेताना मात्र सर्वे नंबर पाहून सही केली होती. एवढ्या विद्वत्तेला शोभेल अशी ही चूक होती. जयराजच्या चित्रांवर सकाळभर खर्च केलेला उपरोध त्यांनी निमूटपणे स्वतःकडे वळवला. तो पुरेसा उरला होता.

"मोर्चा खनताना आमी ह्येच बगायचो, वैनी," लालासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "पानी कुटनं यील, कुटं जाईल. ते सोडून बाकीचं केलं, तर रातभर गुडघाभर पान्यात. पोरगीचं बराबर हाय."

"पोरगी नका म्हणू," आम्रपाली नळी गुंडाळत म्हणाली.

"बाईंचं बराबर हाय."

उदयसिंहने शेवटचा प्रयत्न केला. "मान्य. पण आता कळलंय तर जयराजही दुरुस्त करून देईल की. घरातच राहील काम. माधवनगरला काय सांगायचं मी?"

उत्तर क्रांतीने दिले. ती इतका वेळ पेढ्यांचा पुडा धरून मागे उभी होती.

"माधवनगरला आईच्या स्वयंपाकघरात पाणी येतं," ती भावाला म्हणाली. "तू मागं फरशी घातलीस, तेव्हापासून. दर पावसात आई पोती लावते. तू कामावरून घरी यायच्या आधी काढून ठेवते."

जयराज तिच्याकडे पाहत राहिला. "तीन वर्षं झाली त्याला. मला एकानंही सांगितलं नाही?"

"कसं सांगणार, दादा? तू घरचा आहेस."

ती हे रागाने म्हणाली नव्हती. तिच्या आवाजात मायाच होती, आणि सकाळपासून 'घरचं मानूस' या दोन शब्दांवर उभा असलेला पक्ष त्या मायेनेच कोसळला. लालासाहेबांनी मान हलवली. उदयसिंह फाटकाकडे बघू लागला. जयराज खाली बसून टेप परत गुंडाळत होता; टेपला तेवढा वेळ लागत नाही.

"जेसीबी आहे का तुमच्याकडं?" आम्रपालीने त्याला विचारले. "छोटा?"

"आहे."

"मला भाड्यानं पाहिजे. भिंतीच्या वरच्या अंगाला चर काढायचाय, कोपऱ्याला वळसा घालून रस्त्याच्या गटारापर्यंत. दोन दिवसांचं काम. चालवायला तुम्ही आलात तर बरं, तुम्हाला आता उतार माहीत आहे."

जयराजने टेप खिशात टाकला. "येतो," तो म्हणाला. "आणि इथून ही नळी घेऊन मी माधवनगरला जाणार आहे."

"नळी माझी आहे. विकत घ्या तुमची."

कोंडीबा मोकळेपणाने हसले, आणि मग सगळेच.

संयोगिताबाईंनी आम्रपालीला अभ्यासिकेत नेले. खोलीत रिकाम्या मांडण्या होत्या.

"एक विचारते. तुमच्या कामात काय बिघडेल?"

हाच प्रश्न त्या जयराजलाही विचारणार होत्या. आता त्याची गरज नव्हती. आम्रपालीने विचार करून उत्तर दिले.

"चर गाळानं भरेल. दर मे महिन्यात साफ करावा लागेल, तो तुम्ही करणार नाही. दोन वर्षं सगळं ठीक चालेल, म्हणून विसराल. तिसऱ्या वर्षी ही भिंत ओली होईल, आणि तुम्ही मला शिव्या द्याल."

"आणि गवत?"

"दिवाळीनंतर. पुढच्या अर्ध्यातच. कोपऱ्यात गवत नको, तिथं पाणी जाऊ द्या."

"माझ्या सतरा पेट्या मैत्रिणीकडून यायच्यात इथं. जूनअखेर."

"पेट्यांत काय आहे?"

"कागद."

"मग जूनमध्ये आणू नका. चर झाल्यावर एक जोराचा पाऊस होऊ द्या. भिंत कोरडी राहिली तर आणा. तोवर वरच्या मजल्यावर ठेवा, नाहीतर मैत्रिणीच्या हातापाया पडा. मी आत्ता हमी दिली, तर ती खोटी असेल."

संयोगिताबाई खुर्चीत बसल्या. महापुरानंतरच्या सात वर्षांत त्यांना अनेकांनी हमी दिली होती. अभियंत्यांनी दिली होती, बांधकामवाल्यांनी दिली होती, विमा कंपनीने तर छापून दिली होती. त्यांनी टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि करारनामा लिहायला घेतला. बाहेर पेढे वाटले जात होते आणि लालासाहेब कोंडीबांना विचारत होते, की नातीसाठी दुसरे लॉन आपण मिळून बघायचे का, पण नळी घेऊन.

करारनामा प्रमाण मराठीत, सहा कलमांत, खाडाखोड न करता उतरला. पाचवे कलम बाईंना स्वतःलाही आवडले: 'चराचे काम पूर्ण झाल्यानंतरच्या पहिल्या जोराच्या पावसात, वेळ कोणतीही असो, ठेकेदाराने स्वतः येऊन अभ्यासिकेच्या कोपऱ्यात उभे राहून पाण्याचा मार्ग तपासावा.'

आम्रपालीने सगळा कागद वाचला. घाई केली नाही. मग बाईंच्या हातातून पेन घेतले, पाचव्या कलमातल्या 'ठेकेदाराने' या शब्दापुढे एक छोटी खूण केली, वरच्या मोकळ्या जागेत काही लिहिले, आणि कागद परत दिला.

तिने लिहिले होते: 'व मालकिणीने'.

संयोगिताबाईंनी ते दोनदा वाचले. "छत्री चालेल?" त्यांनी विचारले.

"नाही. मग खाली बघता येत नाही."

बाईंनी सही केली.